दीर्घिका दिसल्याची खोटी नोंद

मी वजनमापे निरीक्षक आहे. ज्याला लांबून येताना बघून दुकानदार पारड्याखालचा लोहचुंबक खिशात घालतात, तो माणूस मी. एकतीस वर्षांच्या नोकरीत मी एकही माप तिरकं वाचलेलं नाही. मान ताठ, डोळा रेषेच्या बरोबर समोर, दुसरा डोळा बंद, श्वास रोखलेला. "साहेब, जरा कडेनं बघा ना, बरोबर भरतंय," असं म्हणणारे पुष्कळ भेटले. त्या सगळ्यांना मी पावती फाडून दिली. स्वतःची स्तुती करायचा माझा स्वभाव नाही, पण पुढे मी जे काही करून बसलो ते वाचून तुमचं माझ्याबद्दल वाईट मत होणार आहे, तेव्हा एखादी चांगली गोष्ट आधी सांगितलेली बरी.

तर मला दुर्बीण घ्यायची होती. चंद्र बघायला नाही, शनीची कडी बघायलाही नाही. अंधूक दीर्घिका दिसल्या पाहिजेत अशी. दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा अवाढव्य पसारा, पण इतका लांब, की चांगल्या दुर्बिणीतूनही नुसता पुसट डाग दिसतो, आणि तोही नशीब असेल तर. "मग बघायचा कशाला?" बायकोनं विचारलं. मी "विज्ञान" एवढंच म्हणालो. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि परत शेंगा सोलायला घेतल्या.

आता खरं कारण सांगतो. माझा दादा माझ्याहून बारा वर्षांनी मोठा, आमच्याकडेच राहतो. चोपन्नाव्या वर्षी त्याच्या डोळ्यांचा पडदा बिघडला. आधी पुस्तकातली मधली अक्षरं गेली, मग समोरच्याचा चेहरा गेला. कडेकडेचं सगळं दिसतं, पण ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच गायब. त्यामुळे दादाला तुम्हाला बघायचं असलं की तो खिडकीकडे तोंड करतो. नवीन माणसाला वाटतं, म्हातारा भारी शिष्ट दिसतोय. तेव्हाच डॉक्टर म्हणाले होते, "हे घराण्यात असतं. धाकट्या भावानं पन्नाशीनंतर दरवर्षी डोळे तपासून घ्यायचे." मी मान डोलावली. पन्नाशीनंतर मी चार वेळा डॉक्टरांची वेळ घेतली आणि चारही वेळा रद्द केली. एकदा कचेरीत तपासणी मोहीम होती, एकदा पोट बिघडलं, एकदा पाऊस होता, आणि चौथ्यांदा काही सुचेना म्हणून पुन्हा पोट. या वर्षी मला चोपन्नावं लागलं. मी घाबरलो होतो. रात्री दिवा घालवण्याआधी खोलीतल्या कपाटाच्या बरोबर मधल्या कडीकडे बघायचो, आहे ना जागेवर म्हणून.

अशात एका रविवारच्या पुरवणीत वाचलं, की अंधूक दीर्घिका पाहणं ही माणसाच्या डोळ्याची सगळ्यांत अवघड परीक्षा समजली जाते. मी पेपर खाली ठेवला आणि घरभर येरझाऱ्या घालायला लागलो. अरे, मग डॉक्टर हवाय कशाला? ज्या माणसाला दोन कोटी प्रकाशवर्षांवरचं दिसतं, त्याच्या डोळ्यांना काय धाड भरलीय? आपलं माप आपणच तपासून घ्यायचं. एवढ्या वर्षांत एवढी सोपी युक्ती मला सुचली कशी नाही, याचंच मला नवल वाटलं.

दुर्बिणीचं मी फक्त बायकोला आणि दादाला सांगितलं होतं. संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीला माहीत झालं. वरच्या मजल्यावरचे निवृत्त ऑडिटर मुद्दाम एक जिना उतरून आले. त्यांनी आयुष्यात दुर्बिणीला हात लावलेला नव्हता, त्यामुळे त्यांची मतं अगदी पक्की होती. "किती पटींनी मोठं दिसतं तेवढंच विचारायचं. पाचशे पटींच्या खाली हात लावायचा नाही." मी पुरवणीत वाचलेलं सांगितलं, की पटींना अर्थ नाही, आरसा किती इंची आहे ते बघतात, जितका मोठा आरसा तितका जास्त उजेड गोळा होतो. ते दयेनं हसले. "तुम्हाला इंच विकणारे भेटलेत. विकणारा नेहमी तेच मोजून दाखवतो जे त्याच्याकडे जास्त असतं." हे मला, वजनमापे निरीक्षकाला.

इमारतीच्या सेक्रेटरींकडे मी गच्ची वापरायची परवानगी मागायला गेलो. ते म्हणाले, "हरकत काहीच नाही. फक्त कोणाच्या खिडकीत बघणार नाही असं लेखी द्या."

"मी वर बघणार आहे हो. आकाशात."

"तेच लेखी द्या. समोरच्या इमारतीच्या खिडक्यांची यादी जोडून."

मी यादी जोडली. एकशे बारा खिडक्या. त्या मोजण्यासाठी मला दोन संध्याकाळी गच्चीवर उभं राहून समोरच्या इमारतीकडे टक लावून बघावं लागलं, आणि माझ्याविरुद्ध पहिली तक्रार त्यातूनच आली.

कचेरीतली तऱ्हा निराळी. आमच्यात ठरावीक रकमेवरची वस्तू घ्यायची तर साहेबांना आधी कळवावं लागतं. साहेबांनी अर्ज दोनदा वाचला.

"दीर्घिका म्हणजे नक्की काय?"

"ताऱ्यांचा समूह, साहेब."

"किती तारे?"

"साधारण दहा हजार कोटी."

"मोजले कोणी?"

"अंदाज आहे, साहेब."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आपल्या खात्यात? अंदाज?" मग त्यांना आणखी एक शंका आली. दुर्बिणीवर इंच लिहिलेले असतात, म्हणजे ते माप झालं, म्हणजे त्याची पडताळणी करून शिक्का मारायला हवा. या भागाचा निरीक्षक मीच. स्वतःच्या वस्तूवर स्वतः शिक्का मारला तर उद्या लोक काय म्हणतील? प्रकरण शेजारच्या विभागाकडे अभिप्रायासाठी गेलं. तिथून विचारणा आली की सदर वस्तू द्रव आहे की घन.

या सगळ्यात शहाणपणाचं फक्त बायको बोलली. "अहो, घेण्याआधी कुठंतरी डोळा लावून तरी बघा. साधे बूट घेताना आपण पाय घालून बघतो." मला ते पटलं. तिच्या बहुतेक गोष्टी मला पटतात, फक्त मी तसं लगेच सांगत नाही.

शहराबाहेरच्या टेकडीवर आकाश बघणाऱ्यांचं एक मंडळ जमतं, त्यात आम्ही दोघं एका शनिवारी गेलो. अंधार लवकर पडायचे दिवस होते, सातलाच मिट्ट काळोख. मंडळाचे प्रमुख एका शाळेत गणित शिकवतात. कोणी मोबाइल उघडला की ते "दिवा!" असं इतक्या जोरात ओरडतात, की माणूस मोबाइलच काय, हातातली पिशवीसुद्धा टाकून देतो. सगळे त्यांना काळोखसर म्हणतात. त्यांनी अर्धा तास आम्हाला अंधारात नुसतं बसवून ठेवलं, डोळे सरावावेत म्हणून. मग म्हणाले, "या. सहा इंची दुर्बीण आहे. दीर्घिका बरोबर मधोमध लावलीय."

माझ्या आधी एक काकू होत्या. त्या "अगं बाई!" म्हणाल्या. मग बायकोनं डोळा लावला. क्षणभर मान इकडेतिकडे केली आणि म्हणाली, "अय्या, आहे की! पुसट आहे, पण आहे." मग मी. मी मान ताठ केली, डोळा बरोबर समोर आणला, दुसरा मिटला, श्वास रोखला.

तारे दिसत होते. डावीकडे चार, वर दोन, अगदी लख्ख. आणि मधोमध, जिथे ती दीर्घिका असायला हवी होती, तिथे काहीच नव्हतं.

कडेकडेचं सगळं दिसतंय आणि नेमकं मधलं गायब. दादानं बारा वर्षांपूर्वी हेच शब्द वापरले होते. त्या थंडीत मला दरदरून घाम फुटला. काळोखसर माझ्या कानाशी हळूच म्हणाले, "काका, रोखून बघू नका. जरा कडेला नजर टाका, मग बरोबर दिसेल." झालं! एकतीस वर्षं जे वाक्य ऐकून मी पावत्या फाडल्या, तेच वाक्य आता हा गणिताचा मास्तर मला सांगतोय. मी आणखी रोखून बघितलं. मध्ये काही नाही ते नाहीच.

"दिसली का?"

"दिसली," मी म्हणालो. "फार सुंदर."

मंडळाची एक वही असते. तारीख, दीर्घिका, दुर्बिणीचा आकार, नाव, आणि शेवटी 'दिसली' किंवा 'दिसली नाही'. मी सही करून 'दिसली' असं लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मी न दिसलेलं माप लिहून दिलं. परतीच्या वाटेवर बायको बडबडत होती आणि मी रस्त्यावरच्या प्रत्येक पाटीचं मधलं अक्षर वाचून बघत होतो.

घाबरलेला माणूस फार तर्कशुद्ध विचार करतो. मी असा विचार केला, की माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही, दुर्बीणच लहान आहे. पुढच्या शनिवारी एकाच्या आठ इंचीतून बघितलं. कडेला तारे, मध्ये शून्य. वहीत 'दिसली'. त्याच्या पुढच्या शनिवारी दहा इंची. तारे आणखी लख्ख, मधलं शून्य आणखी ठळक. वहीत 'दिसली, उत्तम'. आता एकच आशा उरली होती, बारा इंची.

बारा इंची दुर्बीण ही काही हातात धरायची वस्तू नव्हे. तिचं नळकांडं माझ्या खांद्यापर्यंत येतं आणि दोन हातांच्या कवेत जेमतेम मावतं. लिफ्टमध्ये ती बसणार नाही असं सेक्रेटरी म्हणाले, बसली तरी लिफ्ट 'मनुष्यप्राण्यांसाठी' असल्याचा ठराव आहे, असंही म्हणाले. म्हणजे जिन्यानं न्यायची. आमचा जिना अरुंद, त्यात वळणावर कठडा. ऑडिटर म्हणाले, "मोजून घ्या." मी म्हणालो, नुसतं मोजून भागत नाही, प्रात्यक्षिक हवं. मी पाहुण्यांसाठीची गादी घेतली, तिची वळकटी केली, कचेरीच्या शिक्क्याच्या टेपनं मापून बरोबर दुर्बिणीएवढी जाड करून दोरीनं आवळली, कापूस बाहेर येऊ नये म्हणून वरून पांढरी चादर गुंडाळली. रविवारी सकाळी मी पुढून धरली, ऑडिटरांनी मागून, आणि आम्ही उतरायला लागलो. आरसा नाजूक असतो म्हणून अगदी सावकाश, जपून, न बोलता.

आता तुम्हीच डोळ्यांसमोर आणा. पांढऱ्या चादरीत गुंडाळलेलं, माणसाच्या लांबीचं काहीतरी, आणि ते जिन्यानं खाली नेणारे दोन गंभीर चेहऱ्याचे प्रौढ गृहस्थ. दुसऱ्या मजल्यावर एक दार उघडलं, बाईनं तोंडावर हात ठेवला आणि दार लावून घेतलं. पहिल्या मजल्यावर तीन दारं उघडली. वळणावर वळकटी कठड्यात अडकली. वरून ऑडिटर म्हणाले, "पायांकडून उचला!" सेक्रेटरी खालून धावत वर आले, ते चप्पल काढूनच.

"केव्हा झालं?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं. "कळवायचं नाही का हो? शेवटी दादा आमचेही कोणीतरी होते."

माझ्या दोन्ही हातांत गादी, हनुवटीखाली गादी, मला धड बोलता येईना. तेवढ्यात वरून काठीचा आवाज आला. दादा कठड्याशी येऊन उभा राहिला, भिंतीकडे तोंड करून आमच्याकडे बघायला लागला.

"कोण गेलं रे?" त्यानं विचारलं.

सेक्रेटरी मटकन पायरीवर बसले. त्यांना पाणी आणून द्यावं लागलं. संध्याकाळी त्यांच्याकडून पत्र आलं: 'यापुढे इमारतीच्या जिन्यात कोणत्याही निर्जीव वस्तूची वाहतूक झाकून करू नये.' दादाला हे पत्र इतकं आवडलं, की त्यानं ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. मी वाचताना मधले शब्द दिसतायत ना, तेच बघत होतो.

शेवटी बारा इंचीचाही शनिवार आला. मंडळातला एक बेकरीवाला ती आपल्या पावाच्या गाडीतून घेऊन यायचा. बायकोला सर्दी झाली होती, मी एकटाच गेलो. बेकरीवाल्यानं दीर्घिका लावली आणि म्हणाला, "आता हिच्यातून नाही दिसली तर मग डोळेच तपासून घ्या." सगळे हसले. मीही हसलो. मग डोळा लावला.

त्यातूनही मध्ये काही नव्हतं.

वहीत मी चौथ्यांदा 'दिसली' लिहिलं, पण अक्षर माझं वाटत नव्हतं. घरी आलो तर दादा खिडकीपाशी जागाच होता. मी बूट काढत होतो, तो खिडकीबाहेर बघत होता, म्हणजे माझ्याकडे बघत होता.

"दिसली का?"

"दिसली."

"कशी होती?"

मी दुसऱ्या बुटाची नाडी सोडायला लागलो. दादा मग म्हणाला, "कडेचे तारे दिसतात आणि मधलं जातं. असंच ना?"

मी त्याच्या शेजारी जमिनीवर बसलो. चोपन्न वर्षांचा, सरकारी शिक्का बाळगणारा माणूस, लहानपणी पडल्यावर बसायचो तसा बसलो. म्हणालो, "दादा, मला फार भीती वाटतेय."

"वाटणारच. मलाही वाटली होती. पण मला कोणी आधी सांगायला नव्हतं, तुला मी आहे. आणि ही दुर्बीण कशासाठी चाललीय ते आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तू विज्ञान म्हणालास तेव्हाच तुझी बायको मला म्हणाली, भाऊजी, हे डॉक्टरांना टाळतायत." तो उठला. "सोमवारी जायचं. मी येतो बरोबर. आणि पोट-बिट बिघडलं तर बिघडल्या पोटानं जायचं."

सोमवारी दवाखान्यात मी नाव सांगताच काउंटरवरची मुलगी खुर्चीतून उठून उभी राहिली. "तुम्ही?" ती म्हणाली आणि आत जाऊन दुसऱ्या मुलीला बोलावून आणलं. दोघींनी मला नीट बघून घेतलं. चार वेळा रद्द करणारा माणूस प्रत्यक्षात कसा दिसतो याची त्यांना उत्सुकता होती. मग डोळ्यांत थेंब घातले, बाहुल्या मोठ्या होईपर्यंत बसवलं, यंत्रावर हनुवटी टेकवायला लावली, असा उजेड मारला की मला माझ्याच डोळ्यांच्या शिरा दिसल्या. डावा डोळा बघितला. उजवा बघितला. परत डावा बघितला. त्या परत डाव्याकडे वळल्या तेव्हा मी मनातल्या मनात कपाट, बायकोचा चेहरा, कचेरीतला काटा, सगळ्यांचा निरोप घेऊन टाकला.

"पडदा एकदम स्वच्छ आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"कोणाचा?"

"तुमचाच. दोन्ही डोळे. तुमच्या भावाला जे झालं त्याची खूणही नाही. वर्षानं परत या."

मी म्हणालो, असं होऊच शकत नाही. मी स्वतः चार वेळा, चार वेगवेगळ्या आकारांच्या दुर्बिणींतून तपासलंय, मधोमध काहीच दिसत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या हसायला लागल्या. थांबायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. "अहो, अंधारात मधोमध कोणालाच दिसत नाही! पडद्याचा मधला भाग उजेडात काम करतो, अंधारात तो ठार झोपलेला असतो. अंधूक उजेड पकडणाऱ्या पेशी सगळ्या कडेला. पुसट वस्तू दिसायला हवी असेल तर तिच्या जराशी बाजूला बघायचं. तुम्हाला तिथे कोणी सांगितलं नाही?"

"सांगितलं होतं," मी म्हणालो. "मी ऐकलं नाही."

"का?"

याचं उत्तर द्यायला मला एकतीस वर्षं सांगावी लागली असती. मी उठलो आणि परत बसलो. डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. थेंबांमुळे असेल, असं मी म्हणालो. थेंबांमुळे नव्हतं. छातीवर चार वर्षं ठेवलेलं वजन कोणीतरी उचलून नेलं होतं, आणि एवढं वजन घेऊन मी हिंडत होतो याची मला तोपर्यंत कल्पनाच नव्हती.

बाहेर आलो तर उन्हानं डोळे दिपले. थेंबांनी जवळचं सगळं धूसर झालेलं, पायरी कुठे संपते ते कळेना. दादानं माझा दंड धरला. "चल," तो म्हणाला, "मला रस्ता माहीत आहे." घरापर्यंत त्यानं मला आणलं. वाटेत ऑडिटर भेटले. दादा मला हात धरून नेतोय हे बघून ते एवढे गोंधळले, की आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी काही सल्ला दिला नाही. बायको दारातच उभी होती. दादा म्हणाला, "कोरा करकरीत पडदा आहे." ती आत गेली, नळ सोडला आणि बराच वेळ भांडी घासली. भांडी सकाळीच घासून झाली होती.

आता खरं तर दुर्बिणीची गरज संपली होती. पण त्या शनिवारी आम्ही तिघंही टेकडीवर गेलो. मी आधी काळोखसरांकडे वही मागितली आणि चार नोंदींवर रेघ मारून प्रत्येकीपुढे 'दिसली नाही' असं लिहून सही केली. लिहिताना बघितलं तर चारही नोंदींच्या कडेला पेन्सिलीनं आधीच एकेक बारीक टिंब दिलेलं होतं.

"हे काय?"

"संशयित," काळोखसर म्हणाले. "मनाला लावून घेऊ नका काका. पहिल्यांदा निम्मे लोक खोटंच सांगतात. 'फार सुंदर' म्हणणारा तर हमखास."

मी मनाला लावून घेतलं. पण त्याच मनात आज जागा फार होती, त्यामुळे ते फार वेळ टोचलं नाही.

सहा इंची दुर्बिणीला डोळा लावला. मान ताठ करायची सवय जाता जात नव्हती. मोठ्या कष्टानं नजर जराशी डावीकडे सरकवली, आणि दिसली. काचेवर श्वास सोडला की राहतो तेवढा पुसट, लांबट डाग. सरळ बघितलं की गायब, कडेला बघितलं की परत हजर. माझे डोळे चांगले आहेत हे मला आता तिच्याकडून नको होतं. त्यामुळे मी पहिल्यांदाच तिच्याकडे नुसता बघत राहिलो.

"मला दाखव," मागून दादा म्हणाला.

मी दुर्बिणीपासून बाजूला झालो. काळोखसरांना दादाच्या डोळ्यांचं काहीच माहीत नव्हतं, ते उत्साहानं पुढे झाले, दादाला खुर्ची दिली आणि शिकवायला लागले. "काका, सरळ रोखून बघायचं नाही हं. जरा कडेला..."

"सरळ बघून मला काय दिसणार आहे, बाबा," दादा म्हणाला आणि डोळा लावला.

मी मनात मोजत होतो. माझे चार शनिवार वाया गेले होते, बायकोला क्षणभर थांबावं लागलं. दादाला दोन सेकंदही लागले नाहीत.

"हां, ही होय? लांबट आहे. एका टोकाला जरा जाड. आणि त्या जाड टोकाशी एक बारीक तारा चिकटलाय बघा."

काळोखसरांनी दादाला बाजूला होऊ दिलं आणि स्वतः बघायला लागले. पुष्कळ वेळ बघितलं. "आहे खरा," ते शेवटी म्हणाले, आणि त्यांचा आवाज बारीक झाला होता. "नऊ वर्षं बघतोय मी हिला. मला आजपर्यंत हा तारा दिसला नव्हता. काका, अशी तयार नजर कशी काय?"

"बारा वर्षं चोवीस तास सराव चाललाय," दादा म्हणाला आणि परत डोळा लावून बसला. आसपासची माणसं गोळा झाली, बेकरीवाला बारा इंची सोडून आला. दादा एकेक बारकावा सांगत होता आणि मंडळी अंधारात माना वाकड्या करून शोधत होती. मग तो मला म्हणाला, तेही दुर्बिणीतून डोळा न काढता, "बारा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मला असं काही दाखवलं, की ते दिसायला सगळ्यांना माझ्यासारखंच बघावं लागतंय."

बायकोनं माझा हात घट्ट धरला. मी विचारलं, "दादा, मग कोणती घ्यायची? आठ? दहा?"

"इंचांचं तुझं तू बघ," तो म्हणाला. "खुर्चीत बसून बघता येईल अशी घे. मला लवकर उठायचं नाहीये."

आणि तो उठलाही नाही. मागे रांग लागली होती, मी तिच्यात सातव्या नंबरला जाऊन उभा राहिलो.